तीन नंबरचा आवाज

"परत एकदा कर," किरण डोळे मिटून म्हणाला.

मी परत केला. गाल फुगवून, घशातून, मधेच एक ठोका गाळून. ढप-ढप... ढप... ढप-ढप-ढप... ढप.

"हाच," किरण म्हणाला. "हाच कॅम टाका. बाकीचे दाखवूच नका."

आमचे वस्ताद रफिकभाई हातातला बारा-तेराचा पाना खाली ठेवून माझ्याकडे बघत होते. ते जेव्हा पाना खाली ठेवतात तेव्हा काहीतरी चुकलेलं असतं.

आमचं गॅरेज सातपूरच्या मागच्या अंगाला. शटर दोन, मेकॅनिक दोन, उंदीर मोजलेले नाहीत. पोट साध्या सर्व्हिसिंगवर चालायचं. पण रफिकभाईंनी तरुणपणी रॅलीच्या गाड्यांची इंजिनं बांधलेली, त्यामुळे नाशिकमधली सगळी हौशी पोरं फिरून फिरून आमच्याकडेच यायची. मी तेव्हा तेवीस वर्षांचा. मूळचा मनमाडचा, घर रेल्वे यार्डाला चिकटून. शाळेत मला पाढे कधी आले नाहीत, पण गणिताच्या सरांचा खोकला असा यायचा की सर स्वतः मागे वळून बघायचे.

ही कला गॅरेजात कामाला आली. गिऱ्हाईक म्हणतं, "गाडी आवाज करते." कसला आवाज? ते त्याला सांगता येत नाही. मग मी तोंडाने चार आवाज काढून दाखवायचो. हा टॅपेटचा, हा बेअरिंगचा, हा फॅनबेल्टचा, हा फाटक्या सायलेन्सरचा. तो बोट दाखवायचा. निम्मं निदान तिथेच. बॉनेट नंतर उघडायचं.

म्हणून किरणने "कॅम बदलायचाय, कोणता घेऊ?" असं विचारलं, तेव्हा मी सवयीने दुकान मांडलं. रफिकभाईंकडे त्याच्या इंजिनाला बसणारे तीन कॅम होते, ऑइल लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेले. एक नंबर सौम्य, दोन नंबर मधला, तीन नंबर पक्का रॅलीचा. तिन्हींचा आयडलचा आवाज, म्हणजे गाडी उभ्या उभ्या चालू असतानाचा, मी एकामागून एक करून दाखवला.

कॅम म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढची मजा कळणार नाही. इंजिनाच्या डोक्यात एक दांडा फिरतो. त्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात. उंचवटा आला की व्हॉल्व्ह उघडतो, गेला की मिटतो. एक व्हॉल्व्ह पेट्रोल-हवा आत घेतो, दुसरा जळका धूर बाहेर सोडतो. लग्नातल्या पंगतीच्या हॉलला दोन दारं असतात ना, तसंच. एकातून भुकेले आत, दुसऱ्यातून जेवलेले बाहेर.

साध्या कॅमला एक दार मिटत आलं की दुसरं उघडतं. रॅलीच्या कॅमला दारं जास्त वेळ उघडी, आणि बराच वेळ दोन्ही एकदम उघडी. गाडी पळत असेल तर हे बरं. गर्दीचा जोर असतो, पुढची पंगत मागचीला ढकलत बाहेर काढते, भराभर पानं उठतात. पण गाडी हळू असेल तर गर्दीला जोर नाही. मग आत आलेले न जेवताच पलीकडच्या दाराने निघून जातात, जेवलेले परत आत येतात. इंजिन उपाशी. मधेच एखादा ठोका गाळतं, उचकी देतं. ती उचकी म्हणजेच तो ढप-ढप आवाज. पोरं त्या उचकीवर जीव टाकतात.

किरणची गाडी म्हणजे तेराशे सीसीची जुनी सेडान, पांढरी. तो मखमलाबादचा. घरचा फुलांचा मळा, झेंडू, शेवंती आणि गुलाब. तीन आठवड्यांनी मोठ्या भावाचं लग्न होतं. नवरदेवाला मारुतीच्या देवळापासून लॉन्सवर मिरवत न्यायचं, आमच्याकडे परण्या म्हणतात त्याला, ते किरणच्या गाडीतून. मुलगी मनमाडची. तिचा भाऊ विकी, रेल्वेत कामाला, आणि त्याची जीप म्हणे दोन गल्ल्या आधीच ऐकू येते.

"म्हणजे आपली चार गल्ल्या आधी आली पाहिजे," किरण म्हणाला.

"आणि बंद पडली तर?" रफिकभाईंनी विचारलं.

किरणचा चेहरा उतरला. त्यांच्या घरात हा विषय नाजूक होता. त्याच्या धाकट्या काकाच्या लग्नात नवरदेवाची जीप परण्यात बंद पडली होती. वऱ्हाडाने धक्का मारत मांडवापर्यंत नेली. त्याला बावीस वर्षं झाली. काकाचं खरं नाव सुरेश. ते रेशनकार्डावर आहे. बाकी अख्खं मखमलाबाद त्यांना धक्काकाका म्हणतं. त्यांच्या मुलांच्या शाळेतही तेच.

"भाई, गाडी बंद पडायला नाय पायजे," किरण हळू आवाजात म्हणाला. "बाकी काय पण होऊ द्या. माझ्या भावाला आयुष्यभर कोणी काय म्हणायला नको."

"मग एक नंबर घे."

"पण आवाज तीन नंबरचाच."

तो गेल्यावर रफिकभाई माझ्याजवळ आले.

"नित्या, तो तिसरा आवाज कशाचा होता?"

"तीन नंबरचा."

"खोटं बोलू नको. तीन नंबर मी स्वतः तीन गाड्यांना लावलाय. तो असा वाजत नाही."

"भाई, सुरुवात तीन नंबरची होती. मग जरा रंग चढला. पुढे मनमाड यार्डातलं डिझेल इंजिन मिक्स झालं थोडं."

"थोडं?"

"बारा आणे."

रफिकभाईंनी कपाळ पुसलं. ग्रीस लागलं. "त्या पोराला आता मालगाडीचा कॅम पाहिजे. मी कुठून आणू? तू लावलंस, तूच निस्तर."

रफिकभाईंचं म्हणणं साधं होतं. कॅम एकटा बदलून काही होत नाही. मोठ्या कॅमला मोठा कार्ब्युरेटर लागतो, धुराला मोठा पाइप लागतो, गिअरही तसे लागतात. किरणच्या गाडीत बाकी सगळं कंपनीचं. त्यात तीन नंबर टाकणं म्हणजे मोठ्या दारांच्या हॉलला स्वयंपाकी एकच. पण तोंडी सांगून हौशी गिऱ्हाइकाला काही पटत नाही. म्हणून ठरलं, आधी तीन नंबरच लावायचा आणि त्याला चालवून दाखवायचा.

कॅम बसवणं म्हणजे नुसता दांडा ठोकणं नाही. व्हॉल्व्ह नेमका कोणत्या अंशाला उघडतो ते बघावं लागतं. त्यासाठी अंश कोरलेली चकती लागते. आमची चकती स्टीलच्या डब्याच्या झाकणाची. रफिकभाईंनी मुलीच्या कंपासपेटीतल्या कोनमापकावरून खुणा केलेल्या. मुलगी आता कॉलेजात आहे, झाकण अजून चालतंय. अर्धा दिवस लागला.

"चल, हायवेला मारून येऊ," किरण म्हणाला.

"कशाला?" रफिकभाई म्हणाले. "ही गाडी परण्यात हायवेला जाणार आहे का? माणसाच्या चालीने जाणार. टेस्ट पण तशीच करा. लग्नसराई आहे, एखादी मिरवणूक शोधा आणि मागे लागा."

मला वाटलं चेष्टा करताहेत. ते पंक्चर काढायला निघून गेले.

मग मी आणि किरण दिंडोरी रोडला गेलो आणि भर दुपारी पहिला बँड दिसला त्याच्या मागे लागलो. कोणाचं लग्न, काही माहीत नाही. मी चालवायला, किरण शेजारी. पुढे बेंजोची गाडी, मग नाचणारे, शेवटी एक ढोलवाला. त्याच्या मागे आम्ही.

पाच मिनिटांत घाम फुटला. गाडी आयडलला टिकेना. आयडल वाढवलं तर क्लच सोडला की हरणासारखी उडी. क्लच दाबला की उचकी. पेट्रोलचा वास नाकात बसला. त्यात ब्रेक. गाडीच्या ब्रेकला मदत करणारा एक गोल डबा असतो, तो इंजिनाच्या ओढीवर चालतो. मोठ्या कॅमला आयडलवर ओढच नसते. मी चार-पाच वेळा ब्रेक दाबला, डब्यातली शिल्लक संपली आणि पेडल एकदम दगड झालं. मी दोन्ही पायांनी दाबलं. तोवर बंपर ढोलाला लागला होता. ढुम्म.

ढोलवाला वळला. जाड मिशा, शांत माणूस. त्याने काचेतून आत बघितलं.

"नवरदेव आहे का गाडीत?"

"नाही."

"लग्नातले आहात?"

"नाही."

"मग अर्धा तास झाला, मागं का लागलाय राव?"

"गाडी टेस्ट करतोय."

त्याने वाकून बंपर बघितला. मग ढोल जरा पुढे ओढून घेतला आणि वाजवत चालू लागला. त्यानंतर दहाव्या मिनिटाला गाडी बंद पडली. प्लग काळेकुट्ट. दोघांनी धक्का मारत पेट्रोल पंपापर्यंत नेली. मागून बघितलं तर किरण अगदी धक्काकाकाच्या घराण्यातला दिसत होता. हे मी त्याला सांगितलं नाही. म्हणजे, लगेच नाही सांगितलं.

पंपावर पाणी पिऊन तो म्हणाला, "आणि आवाज पण तो नव्हता. तुझा भारी होता."

मग एक नंबरचा कॅम लागला. सौम्य, कंपनीच्या कॅमपेक्षा जरासाच पुढचा. आयडलला शांत, थोडी गुरगुर. चढाला गाडी आधीपेक्षा बरी ओढायला लागली. त्याचीही टेस्ट मिरवणुकीतच केली, या वेळी गंगापूर रोडला. दीड तास चाललो. तापमानाचा काटा निम्म्यावर, ब्रेक मऊ, सगळं ठीक. शेवटी एका मामांनी खिडकीतून हात घालून माझ्या डोक्याला फेटा बांधला.

"मुलीकडचे का मुलाकडचे?"

"गाडीकडचे," मी म्हणालो.

त्यांना ते पुरलं. जिलबी आणि मठ्ठा घेऊनच सोडलं.

"आवाज मिक्सरसारखा हाय," किरण नाराज होऊन म्हणाला. पण घेतला. विकीला मात्र त्याने फोनवर आधीच सांगून टाकलं होतं की रॅलीचा कॅम बसवलाय, कान सांभाळ.

लग्नाच्या दिवशी रफिकभाईंनी मला गाडीसोबत पाठवलं. सकाळी मारुतीच्या देवळाशी पोचलो आणि गाडी सापडेना. पांढरी सेडान कुठेच नव्हती. एक झेंडूचा ढीग उभा होता, त्याला चाकं होती.

किरणच्या वडिलांनी, आप्पांनी, पहाटेपासून स्वतः सजवलेली. घरचा मळा, पहिलाच मुलगा, हात आखडता कशाला घेतील? बॉनेटवर झेंडूची चादर, छतावर शेवंती, आणि पुढच्या जाळीवर, बरोब्बर जाळीवर, गुलाबाचं भलंमोठं बदाम. त्यात नवरा-नवरीची नावं. बदामाच्या मागे ओल्या गोणपाटाचं अस्तर, फुलं ताजी राहावीत म्हणून.

जाळीतून हवा जाते, हवेने रेडिएटर थंड होतो, रेडिएटरने इंजिन. हे आप्पांना सांगितलं.

"फुलं काय गरम असत्यात का?" आप्पा म्हणाले. "ओलं गोणपाट हाय मागं. उलट गार वाटंल तिला."

आम्ही तीन आठवडे अंश मोजले होते. दोन परक्या लग्नांत घुसलो होतो. पण एकाही टेस्टला गाडीच्या तोंडावर फुलं नव्हती.

परण्या निघाला. पुढे बेंजो, शेवटचा ढोलवाला वळला तर तोच, जाड मिशांचा. त्याने मला बघितलं, बंपर बघितला, ढोल चार पावलं पुढे नेला.

अर्ध्या वाटेवर पाटाचा पूल आला तेव्हा काटा लाल रेषेला टेकला. मी किरणच्या शेजारी, मागे नवरदेव आणि करवली. किरण ओठ न हलवता म्हणाला, "नित्या, काय करू?"

"बदाम काढ."

"वहिनीचं नाव हाय त्यात. तिच्या लोकांसमोर नाव उपटून फेकू? वर अपशकुन म्हणतील." मुलीकडचे पंधरा-वीस जण नवरदेवाला घ्यायला पुलाशी येऊन उभे होते. सगळ्यात पुढे विकी, हाताची घडी घालून, कान टवकारून.

चालू ठेवली तर दोन मिनिटांत वाफ. बंद केली तर नवरदेवाची गाडी बंद पडली. मुहूर्त बारा पस्तीसचा, वाजले होते बारा दहा.

पुलाच्या पुढे लॉन्सच्या फाटकापर्यंत रस्ता उताराचा होता. बेताचाच उतार, पण उतार.

"बंद कर," मी म्हणालो. "न्यूट्रल. हँडब्रेकवर सांभाळ, पायाच्या ब्रेकवर विसंबू नको. बाकीचं माझ्यावर सोड."

मी उतरून ढोलवाल्याकडे गेलो. "दादा, एक माइक पाहिजे. लांब वायरचा."

"आज कशाची टेस्ट हाय?"

"आज परीक्षा आहे."

त्याने वाद्यं थांबवली नाहीत. नुसती मान हलवून बेंजोवाल्याला खूण केली. माइक आला. वायर फुलांखालून आत घेतली आणि मी सीटच्या पुढे पाय ठेवतात तिथे मुटकुळं करून बसलो. करवली वाकून बघायला लागली. नवरदेवाने तिला गप्प केलं. त्याचा चेहरा फेट्याच्या मुंडावळ्यांमागे होता, पण घाम दिसत होता.

पुलावरून उताराला लागायला एक ढकल हवी होती. ती कोणी दिली ते मी मान वर काढून आरशात बघितलं. धक्काकाका. नाचता नाचता मागे आले, पाठ डिकीला लावली, दोन्ही हात वर करून ठुमकत ठुमकत असा जोर लावला की कोणाला कळलंही नाही. बावीस वर्षांचा अनुभव.

गाडी हलली. मी सुरू झालो.

ढप-ढप... ढप... ढप-ढप-ढप... ढप.

बेंजोच्या गाडीवर मोठे कर्णे होते. आवाज असा घुमला की पुलाखालच्या म्हशींनी माना वर केल्या. पोरं पिसाळल्यासारखी नाचायला लागली. "काय इंजिन हाय रे," कोणीतरी ओरडलं. किरण एका हाताने हँडब्रेक खेळवत होता आणि डोळ्यांत पाणी आणून मला म्हणत होता, "हाच. हाच तीन नंबर."

वीस मिनिटं. ओठ बधिर झाले, छातीत कळ आली. फाटकाशी गाडी थांबली, मी दोन उचक्या देऊन इंजिन थांबवलं आणि सवयीने शेवटचा आवाजही करून टाकला. फिस्स्स्स. मग खाली पडून राहिलो. नवरदेव उतरला. बारा तेहतीस.

आप्पांनी नंतर मला बोलावून पानात दोन जिलब्या जास्तीच्या वाढल्या. "बघ, म्हनलं होतं ना, फुलांनी काय व्हत नाय."

सोमवारी सकाळी गॅरेजसमोर जीप थांबली. दोन गल्ल्या आधीच ऐकू आली होती. विकी आत आला, रफिकभाईंना नमस्कार केला, स्टूल ओढून माझ्यासमोर बसला.

"मनमाडचा ना तू?"

"हो. का?"

"यार्डाच्या कोणत्या बाजूला?"

"सांडव्याकडच्या."

"तरीच." त्याने चहाचा घोट घेतला. "बाकी सगळं मस्त जमलं होतं भाई. मी पण फसलो असतो. पण शेवटी ती हवा सोडली ना तू, फिस्स करून. तो एअर ब्रेक आहे. डिझेल इंजिनाला असतो. मी रोज ऐकतो. तेराशे सीसीच्या गाडीला कुठून आला?"

रफिकभाईंनी पाना खाली ठेवला.

"मग बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"ताई उभी होती ना हार घेऊन." तो हसला. "आणि नवरदेवाची गाडी बंद पडली म्हणून आम्ही काय करणार, दुसरा नवरदेव आणणार? घरात कोणाला सांगितलं नाही. पुढे पण नाही सांगणार. फक्त माझं एक काम करायचं."

"जीपला कॅम टाकायचाय?" रफिकभाईंनी विचारलं. "कोणता दाखवू?"

"कॅम नको. पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. जीप लय आवाज करते, आयडलला टिकत नाही, गिअरात उडी मारते. ती मी घरीच ठेवणार. साधी गाडी आणणार, कंपनीची, शांत." त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "मला हा पाहिजे."

आमच्या गॅरेजात प्रत्येक कामाचं जॉबकार्ड भरतात. रफिकभाईंनी चष्मा लावला आणि विकीचं भरलं. गाडी: कोणतीही. काम: नित्या, एक नग. मग जरा विचार करून खाली ओळ वाढवली आणि पेन्सिलीने दोनदा अधोरेखित केली. ती ओळ तेव्हापासून आमच्या प्रत्येक कार्डावर असते, कॅमचं काम असो की नुसतं ऑइल बदलायचं असो.

"गाडीच्या तोंडावर फुलं कोण लावणार?"